बॉनेटवरचे गुलाबी ठिपके

गाडीचा रंग कुठे उडाला, तर लोक दोनच गोष्टी करतात. एक तर वर्कशॉपमध्ये गाडी टाकून आठवडाभर रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करतात, नाहीतर ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतात आणि पावसाळ्यानंतर तिथे गंज दिसला की हळहळतात. मला दोन्ही जमत नाही. माझ्या पांढऱ्या गाडीवर खडा लागून टिकलीएवढा रंग उडाला, तरी तो मी स्वतः भरत असे. आणि असा भरत असे की नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीत, जिथे लोकांना स्वतःच्या गाडीपेक्षा शेजारच्याच्या गाडीची काळजी जास्त, तिथेही तो कोणाला सापडत नसे.

गाडी माझी होती, हे आधी सांगते. मी बँकेत होते. बाजार खुला झाला, रस्त्यावर नवनव्या गाड्या दिसायला लागल्या आणि बँक कर्मचाऱ्यांना गाडीसाठी सवलतीत कर्ज द्यायला लागली, तेव्हा आमच्या शाखेत पहिला अर्ज माझा होता. नवऱ्याचा जीव स्कूटरवर. शेवटपर्यंत त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. शोरूममधल्या मुलाने मला विचारलं, मॅडम, गाडी चालवणार कोण? म्हटलं, चेकवर सही करणार आहे ती.

रंग भरायला शिकले ते रागातून. पहिला खडा लागला तेव्हा वर्कशॉपवाल्याने सांगितलं की एवढ्याशा ठिपक्यासाठी अख्खं बॉनेट रंगवावं लागेल. मी गाडी वळवली ती थेट नाना पेठेत नेली आणि एका दुकानातून पांढऱ्या रंगाची बाटली आणली, नेलपॉलिशसारखी, आत ब्रश असलेली. घरी येऊन भरला. वाळल्यावर बॉनेटवर टूथपेस्ट सांडल्यासारखी दिसायला लागली. पांढरा म्हणजे पांढरा, असं मला तोवर वाटत होतं. प्रत्येक गाडीच्या रंगाला नंबर असतो आणि तो गाडीवरच एका पट्टीवर छापलेला असतो, हे कळल्यावर मी नंबर घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, हे आधी विचारायचं होतंत. मी म्हटलं, तुम्ही आधी सांगायचं होतंत. तेव्हापासून आमचं चांगलं जमलं.

कृती सोपी आहे, घाई न करणाऱ्याला. साबणाच्या पाण्याने जागा धुवायची, पुरती वाळू द्यायची. गंज धरला असेल तर बारीक पॉलिश पेपरने अलगद काढायचा. स्पिरिटने पुसायचं, म्हणजे हाताचं तेलसुद्धा राहत नाही. मग रंग. बाटलीतला ब्रश फेकून द्यावा, तो झाडूच्या लायकीचा. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि खड्ड्याच्या मधोमध सोडायचा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. एकच जाड थर द्यायचा नाही, पातळ थर वाळवत वाळवत द्यायचे. वरून बिनरंगाचं लॅकर, आणि ते चांगलं कडक झालं की पाण्यात भिजवलेल्या अगदी मऊ पेपरने घासून पॉलिश. रांगोळीला बसलेला हात होता माझा, तो इथे कामाला आला.

आता मुलगा. तो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं ही त्याची नोकरी. मी साठी ओलांडली तशी त्याने ती नोकरी आमच्या पार्किंगमध्येही सुरू केली. रविवारी आला की वर यायच्या आधी गाडीला प्रदक्षिणा. मग वर येऊन, आई, पुढे उजवीकडे काय लागलं? हे मागच्या वेळी नव्हतं. शेवट ठरलेला असे, की आता गाडी विकून टाकू, टॅक्सी काय, मोबाईलवर बोलावता येते. प्रेमापोटीच बोलायचा, मला कळत होतं. पण प्रेमापोटी माणूस दुसऱ्याचे पाय बांधून ठेवतो, तेही कळत होतं.

कारण माझी थोरली बहीण सोलापूर रोडवर, हडपसरच्या पुढे, मांजरी गावात राहते. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तिची कामं करायला येणारी बाई म्हणाली की केस कापून टाकू, सोपं पडेल. ताईने अशी काही मान हलवली की मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, दर गुरुवारी येऊन वेणी मी घालीन. तेव्हापासून गुरुवार चुकला नाही. मधेच कधी ताईला बरं नाही असा फोन आला, तर पायात चपला आणि हातात किल्ली, की निघाले. मांजरीचं नाव काढल्यावर टॅक्सीवाले फोन कसा ठेवतात ते मुलाला माहीत नव्हतं, मला होतं. गाडी गेली असती तर ताईकडे जाणं दुसऱ्याच्या सवडीवर गेलं असतं. एवढ्याचसाठी मी त्या ठिपक्यांना चिकटून होते.

एका वर्षी सोलापूर रोडचं काम निघालं होतं. पुढे खडी भरलेले डंपर, ताडपत्री नावालाच, आणि मागे मी. बॉनेटवर टक टक आवाज आला की माझ्या तोंडून जे निघे ते इथे लिहीत नाही. दसऱ्याला मुलगा आणि सून गाडीच्या पूजेला येणार, म्हणजे प्रदक्षिणा होणार. म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी पार्किंगमध्ये स्टुलावर बसून बॉनेटवरचे सगळे खड्डे भरून काढले. रंग उत्तम जमला. लॅकर तेवढं राहिलं. म्हटलं, दसरा झाल्यावर बघू.

सकाळी मी वर श्रीखंडाच्या मागे होते. सून म्हणाली, आई, तुम्ही राहू द्या, पूजेचं मी बघते. गुणी मुलगी. खाली जाऊन तिने गाडी पुसली, झेंडूचा हार घातला आणि बॉनेटवर कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. तिच्या माहेरी कुंकू पाण्यात कालवत नाहीत, त्यात तेलाचा थेंब घालतात, म्हणजे ते दिवसभर ओघळत नाही. मी खाली आले तर अगदी रेखीव स्वस्तिक. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्या डोक्यातही काही आलं नाही. आपट्याची पानं वाटून झाली, जेवणं झाली, दोघं मुक्कामाला राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलाने हौसेने गाडी धुवायला घेतली. फडक्याने कुंकू बॉनेटभर पसरलं आणि स्वस्तिक गेलं. ठिपके राहिले. लॅकर नसलेल्या कोवळ्या रंगाने तेलातलं कुंकू पिऊन घेतलं होतं, आणि मी जिथे जिथे टूथपिक टेकवली होती तिथे तिथे बरोबर एकेक गुलाबी ठिपका. गाडीला गोवर आला होता. मी जिना उतरून आले तेव्हा तो ओल्या फडक्याने एकच ठिपका पुन्हा पुन्हा पुसून बघत होता.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, किती दिवस लपवतेयस हे?"

झालं. माझं डोकंच फिरलं. लपवत नव्हते, दुरुस्त करत होते, आणि दोन्हींतला फरक कळत नसेल तर एवढं शिकवून काय उपयोग, असं मी सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग त्याचं मनगट धरून त्याला बॉनेटवर वाकवलं. म्हटलं, नीट बघ. हे खड्डे गोल आहेत आणि सगळे गाडीच्या तोंडावर आहेत. हे खडे समोरून येतात, चालवणारा कितीही हुशार असू दे. चालवणारी बाई चुकली की काय होतं माहीत आहे? गाडीच्या कडा घासतात. लांबट ओरखडा पडतो, आणि ज्याला घासलं त्याचा रंग त्यात बसतो. जा, दारं बघ, बंपरचे कोपरे बघ. तो गेला. मोबाईलचा दिवा लावून चारी बाजूंनी बघून आला. काही नव्हतं.

"ज्या दिवशी कसा पडला ते मला सांगता येणार नाही असा एक ओरखडा या गाडीवर सापडेल," मी म्हणाले, "त्या दिवशी किल्ली मी आपण होऊन तुझ्या हातात देईन. तोवर तुझी प्रदक्षिणा बंद."

"आणि तो तू रंगवून टाकलास तर?"

प्रश्न वाजवी होता, म्हणून जास्तच झोंबला. तर मग तू आईला ओळखलंच नाहीस, असं म्हणून मी वर निघून आले. सून बिचारी रडकुंडीला आली होती, माझ्यामुळे झालं म्हणत. तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, लॅकर मी द्यायला हवं होतं. ते दोघे गेल्यावर सगळे ठिपके घासून काढले, पुन्हा भरले, आणि या वेळी लॅकरही दिलं.

मुलाने शब्द पाळला. येत राहिला, पण गाडीकडे ढुंकून बघितलं नाही. मी मांजरीला जात राहिले. वर्षं गेली, सोलापूर रोडवर एक काम संपून दुसरं निघालं, मी खड्डे भरत राहिले. गाडी जुनी झाली पण तिच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या, आणि मला त्याचा गर्व होता. का नसावा?

आणि एका सकाळी फडकं मारताना मागच्या डाव्या दाराशी हात अडखळला. लांबट ओरखडा, वीतभर, आणि त्यात निळा रंग.

मी पायरीवर बसले. आदल्या दिवशीचा रस्ता मनात पुन्हा चालवून बघितला. ताईकडून परतताना हडपसरला भाजी घेतली, औषधाच्या दुकानापाशी थांबले, घरी आले. कुठे धक्का नाही, आवाज नाही. दुसऱ्या कोणी घासून गेला असेल, असंही मनाला सांगून बघितलं. मग मान वर केली तर समोर आमच्या पार्किंगचा खांब. सोसायटीने नुकताच त्याला निळा पट्टा दिला होता. त्या पट्ट्यावर पांढरा ओरखडा होता. तो पांढरा मी कुठेही ओळखते. ज्या जागी इतकी वर्षं गाडी लावली, तिथल्याच खांबाला मी घासले होते आणि मला पत्ताही लागला नव्हता. मला भीती वाटली. ओरखड्याची नाही. डाव्या बाजूला खांबाच्या जागी एखादं माणूस असतं तर, याची.

वर येऊन मी रंगाची बाटली काढली. सवयीने हलवलीसुद्धा. अर्ध्या सकाळचं काम होतं, आणि खांब काही बोलणार नव्हता. हातात बाटली आणि डोळ्यांपुढे गुरुवार, अशी बराच वेळ उभी होते. मग बाटली खाली ठेवली आणि मुलाला ऑफिसात फोन केला. म्हटलं, येऊन किल्ली घेऊन जा.

तो जेवायच्या आत आला. दार बघितलं, खांब बघितला. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, मी सांगत नव्हतो? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. त्याने किल्ली घेतली, मुठीत धरली आणि विचारलं, "गुरुवारी मावशीकडे किती वाजता निघतेस?"

मी पार्किंगमध्ये, चार लोक येत-जात असताना, ढसाढसा रडले.

गुरुवारी तो सुट्टी काढून आला. मी डावीकडे बसले आणि डंपरपासून लांब राहा, असं वाटभर सांगत राहिले. त्याने ऐकलं. ताई नेहमीसारखी दारातल्या खुर्चीत वाट बघत होती. तिने आधी त्याच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फणी शोधायला वळले, तशी तिने चांगल्या हाताने माझं मनगट पकडलं, मला पायाशी खाली बसवलं आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. त्या दिवशी तिची वेणी घालायची राहूनच गेली.