मेंढ्याचं डोकं कोणापुढे?

चू नदीच्या अलीकडे किर्गिझ, पलीकडे कझाक. मधे एक पूल आणि पुलावर शिक्के मारणारी मंडळी. सोव्हिएत राज्यात सूयूनबाय ट्रॅक्टर घेऊन खुशाल पलीकडचं शेतसुद्धा नांगरून यायचा. सगळ्या देशांनी पुन्हा गळ्यात गळे घालावेत, हे तो चहाच्या प्रत्येक वाडग्याबरोबर सांगे. शेजारी म्हणत, "एका चहात पाच देश एक करतो. किटली भरलेली हवी फक्त."

त्याची मुलगी नुरझात पलीकडच्या तुरसिनखानच्या मुलाला द्यायचं ठरलं, तेव्हा तर तो "सरकारांना जमेना ते माझ्या पोरीनं केलं!" म्हणत गावभर मिरवला.

बोलणी पक्की करायला व्याही आले. मेंढा कापला. सूयूनबायनं बाह्या सरसावून स्वतः मानाचे वाटे केले. सगळ्यात मोठ्या मानाचं कमरेचं हाड तुरसिनखानपुढे ठेवलं, आणि उकडलेलं डोकं, घरच्या रीतीप्रमाणे, वयानं लहान पाहुण्यापुढे. म्हणजे गाडी हाकत आलेल्या त्यांच्या धाकट्या भावापुढे.

तुरसिनखाननं काढून ठेवलेली टोपी पुन्हा चढवली.

"चला. या घरात डोकं ड्रायव्हरला मिळतं."

"अहो व्याहीबुवा, कमरेचं हाड म्हणजे पहिला मान!"

"तुमच्यात. आमच्यात पहिला मान डोक्याचा."

"पण बसलाय कुठे? आमच्यात!"

"आणि मुलगी येणार कुठे? आमच्यात!"

जन्मभर सीमांना शिव्या घालणाऱ्या सूयूनबायनं सुरीच्या टोकानं दस्तरखानावर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, रेघ ओढली. "या रेघेच्या आत बाहेरच्यांचा कायदा चालणार नाही!"

धाकटा भाऊ मेंढ्याची नजर चुकवत छताकडे बघत होता. दाराआड नुरझात मुसमुसत होती.

"पाच देश एक करणारे," सूयूनबायची बायको कालिपा म्हणाली, "एक ताट सरकवता येतंय का बघा."

"रीत म्हणजे रीत!"

"रीत घेऊन बसा मग. पोर जन्मभर दाराआड बसेल, तिलाही चहा पाजत जा."

सूयूनबायनं दाराकडे पाहिलं. मग दोन-चार गावं शेजाऱ्याला तोडून द्यावीत तशा चेहऱ्यानं डोक्याचं ताट रेघेपलीकडे सरकवलं.

"आणि हे हाड?" तुरसिनखाननं विचारलं.

"तेही असू दे," कालिपा म्हणाली. "आमच्यातला मानही तुमचा, तुमच्यातलाही तुमचाच. आता तरी ती टोपी काढा."

तुरसिनखाननं टोपी काढली. डोक्याचा कान कापून घरातल्या पोराला द्यायचा, म्हणजे पोर मोठ्यांचं ऐकतं, अशी त्यांची रीत. त्यानं कान कापला आणि सूयूनबायपुढे धरला.

"घ्या. थोडं ऐकायला शिका."

सूयूनबायनं तो मुकाट्यानं चावून गिळला. मग दुसरा कान कापून व्याह्यापुढे ठेवला.

"तुम्हीही."

दाराआडचं मुसमुसणं थांबून फिस्सकन हसू आलं.

"आणि मला काय?" धाकटा भाऊ पहिल्यांदाच बोलला. "तुमची सोयरीक झाली, पण पुलावरच्या रांगेत मलाच गाडी घेऊन ताटकळायचंय!"

कालिपानं त्याच्यापुढे मेंढ्याची अख्खी मांडी ठेवली.