मोठ्यानं वाचावं असं पत्र

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते माझ्या आत्याचं. आई गेल्यावर तिनंच मला कर्जतजवळच्या कडावला वाढवलं आणि भाताच्या खाचरांत राबून बी.ए.पर्यंत पोचवलं. आमच्या घरात त्याआधी कोणी पाटीही धरली नव्हती. तिला स्वतःला वाचता येत नसे.

कर्जतच्या इंग्रजी शाळेत मास्तर झालो आणि थोड्याच काळात मला काहीतरी होऊ लागलं. वर्गात उभं राहिलं की छाती धडधडे, जीभ टाळूला चिकटे. झोप उडाली. जेवताना घास हातात धरून रडू येई. का, ते सांगता येत नसे. हेडमास्तरांनी रजा दिली आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे जायला सांगितलं. नोकरी अजून कायम झाली नव्हती. शाळा चालवणाऱ्या मंडळींना कारण कळलं तर नोकरी जाणार, ही धास्ती आजाराहून मोठी होती.

आत्या म्हणाली, "चल, मी येते."

कर्जत स्टेशनावर गावचे एक शेजारी भेटले. "काय आक्का, कुठं निघाली स्वारी?"

मी घाईनं म्हणालो, "आत्याचे डोळे दाखवायला."

"माझं डोळं चांगलं हाय," आत्या साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशी बोलली. "याचं मन दुखतंय. त्याचा डाक्टर पुण्याला असतो."

"मन? अगं, लई शिकलं की डोकं तापतंच. भगताला दाखव, एका कोंबड्यात भागंल."

"तुमचा दात ठणकला तवा नाय भगत आठवला? दात तेवढा तुमचा, आणि मन भुताचं व्हय?"

शेजारी हसले. मी मात्र खंडाळ्याचा घाट चढून होईपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसलो.

डॉक्टरांनी काही महिने पुण्यातच राहायला सांगितलं. ते औषध थोडं देत, बोलायला फार लावत. आत्या परतली. तिला कार्ड लिहिणं म्हणजे गावाला लिहिणं. टपाल दुकानात येई, दुकानदार वाचून दाखवी आणि मीठ-तेलाला आलेला जो तो ऐके. म्हणून मी दोनच ओळी लिहीत असे: खुशाल आहे, काळजी नसावी. त्या दोन ओळींवर गावानं गोष्ट रचली. मला साखळीनं बांधलंय, कार्ड दुसराच कोणी लिहितो. आत्यानं दुकानदाराकडून लिहवून घेतलं, "मी लोकांशी भांडते, पण खरं काय ते मलाच ठाव नाय. खरं लिव."

मी लिहिलं:

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र दुकानात वाचलं जाईल, हे मला माहीत आहे. दुकानदारभाऊंनी ते मोठ्यानं वाचावं, मधलं काही गाळू नये.

मला मनाचा आजार झाला आहे. भूत नाही, करणी नाही. मला कोणी बांधलेलं नाही. डॉक्टरांकडे मी माझ्या पायांनी जातो आणि माझ्या पायांनी खोलीवर येतो. झोप लागू लागली आहे. रडू अजून येतं, पण कमी. शाळेलाही आज हेच कळवलं आहे. त्यांना असा मास्तर नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं. मी लाजून राजीनामा देणार नाही.

ऐकणाऱ्यांत कोणाचा जीव असाच घाबरत असेल, तर त्यानं तुला गाठावं. तुला वाट ठाऊक आहे. त्याला गाडीत बसवून दे, मी स्टेशनावर घ्यायला येईन.

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आत्या, त्यांचं हसून होईपर्यंत तू तिथून उठू नकोस.