डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा निळा

रंगरावाचं खरं नाव गॅरेजात कुणाच्या लक्षात नव्हतं. जुन्या गाड्यांना त्यांचा मूळचा रंग जसाच्या तसा मिळवून द्यायचा हा त्याचा धंदा, म्हणून तो रंगराव. शेजारच्या गाळ्यात पत्रा ठोकून सरळ करणारा त्याचा जोडीदार, तो ठोके. दोघांनी तरुणपणी एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि पुढचं अख्खं आयुष्य शेजारी-शेजारी, एकमेकांशी वाद घालत काढलं होतं.

ठोके मोठा फटकळ. रंगरावानं कितीही जीव ओतून काम केलं तरी मान तिरकी करून बघायचा आणि "चालेल" एवढंच म्हणायचा. घरी गेला की मात्र त्याच्या तोंडाला टाळं राहायचं नाही. जेवताना हात वाळेपर्यंत तो बायकोला रंगरावाचं कौतुक सांगायचा. एकदा एका गाडीचा एकच दरवाजा नव्यानं रंगवला होता, तर कुठला दरवाजा आपण ठोकलाय हे खुद्द ठोकेलाच ओळखू येईना. दोन्हीवर बोट फिरवून बघावं लागलं. बायको म्हणायची, "हे त्यांना सांगा की कधीतरी." त्यावर ठोकेचं ठरलेलं उत्तर, "सांगितलं तर डोक्यावर बसेल."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरीणबाईंची गाडी आली. डॉक्टरीणबाई जाऊन बराच काळ लोटला होता. गाडी घेऊन आली ती त्यांची लेक, आता स्वतःच साठीच्या घरात पोचलेली. आई या गाडीतून आजाऱ्यांच्या घरोघरी फिरायची. गाडी दुरून दिसली की डॉक्टरीण आली हे लोकांना रंगावरूनच कळायचं. पुढे गाडी विकली गेली, घेणाऱ्यानं तिला लालभडक करून टाकलं, आणि आता कुठे कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडलेली ती लेकीला सापडली होती. रंग कसा होता, असं रंगरावानं विचारलं, तर तिला धड सांगता येईना. निळा होता, पण निळा म्हणावा असाही नव्हता. थोडा राखाडी, थोडा दुधाळ.

"सांगू नका," रंगराव म्हणाला, "गाडीच सांगेल."

त्यानं बोनेटवर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच जागी गोल-गोल घासला. लाल गेला, लालाखालचा पांढरा गेला, मग निळसर कडं उमटलं आणि त्याच्याही आत पत्र्यावरच्या अस्तराचा तपकिरी. पण बाहेरच्या निळ्यावर त्याचा भरवसा नव्हता; उन्हानं तो पार विटलेला. मग त्यानं डॅशबोर्डमधल्या खणाचं पत्र्याचं झाकण काढलं. त्याची आतली बाजू लाल रंगानं कधी पाहिलीच नव्हती. ठोके म्हणाला, हा बघ अस्सल रंग, लाव आता. रंगरावानं मान हलवली. अंधारात कोंडलेला जुना रंग पिवळा पडतो, त्याला आधी ऊन खाऊ दे, म्हणाला. झाकण खिडकीत ठेवलं आणि ते रोज किती उजळतंय ते पाहत राहिला. उजळायचं थांबलं, तेव्हा डबे उघडले.

त्याची रंग जुळवायची तऱ्हा ठोकेला पाठ होती. काडीनं थेंब टाकायचा, ढवळायचं, पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा. मग तो तुकडा मूळच्या रंगाला चिकटवून धरायचा. सावलीत, दारात, उन्हात, ट्यूबलाइटखाली. एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात दगा देतो. सगळीकडे जुळला तर जुळला.

एक दिवस रंगरावानं हाक मारली. दारात उभा राहून तो झाकण आणि तुकडा शेजारी-शेजारी धरून होता, चेहऱ्यावर समाधान. ठोकेनं पाहिलं. झाकण होतं दुधाळ निळं. तुकडा सरळसरळ हिरवट दिसत होता. त्यात बारीकसारीक काही नव्हतं; पत्रे ठोकण्यात जन्म गेलेल्या माणसालाही दिसावं इतका फरक, आणि रंगरावाला तो दिसत नव्हता.

ठोकेची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. कसाबसा तो म्हणाला, "छान जमलाय."

त्या संध्याकाळी घरी त्याला घास गोड लागला नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही नाही सांगणार तर गाडी रंगवून झाल्यावर परके सांगतील. ठोकेला ते पटत होतं. पण ज्या डोळ्यांवर त्या माणसाचं पोट आणि अब्रू दोन्ही उभी, त्या डोळ्यांबद्दल बोलायचं कोणत्या तोंडानं?

सकाळी तो गॅरेजात पोचला तर रंगराव स्टुलावर बसलेला. कॉम्प्रेसर बंद, हात मांडीवर.

"काल तू छान म्हणालास," रंगराव म्हणाला.

"मग? म्हणू नये का?"

"तू आणि छान? तेव्हाच मला कळलं, काहीतरी जबरी बिघडलंय. आता खरं सांग. कुठल्या बाजूला सरकलाय?"

ठोके खाली बसला. "हिरव्याच्या. पिवळट झाक आहे. चांगलीच."

रंगरावानं ते ऐकून घेतलं, पत्र्याचं माप ऐकावं तसं. रागावला नाही, थिनरला नावं ठेवली नाहीत, उजेडाला नाहीत. मग हळूहळू बोलला. काळे आणि गडद निळे मोजे हल्ली वेगळे ओळखू येत नाहीत म्हणून घरी हसतात. सगळंच जरा चहात बुडवून काढल्यासारखं दिसतं. वयाचं आहे म्हणून सोडून दिलं होतं. मग उठून त्यानं डॉक्टरीणबाईंच्या लेकीला फोन लावला आणि सांगितलं, की माझे डोळे तपासून घेतल्याशिवाय तुमच्या गाडीला हात लावणार नाही, घाई असेल तर दुसरा चांगला माणूस सुचवतो. ठोके जवळच उभा होता. इतकं सरळ आपल्याला बोलता आलं नसतं, हे त्यानं मनातल्या मनात कबूल केलं. तिकडून लेक म्हणाली, मी थांबते.

तपासणीत मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा ठोके समोरच होता. रंगराव त्याच्याकडे टक लावून बघत राहिला.

"हा शर्ट निळा आहे?"

"घेतला तेव्हापासून."

"मला वाटायचं, राखाडी आहे, आणि मळका."

रंगराव हसायला लागला. एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा. भिंत एकदा पांढरी, एकदा पिवळी. हसता-हसता मध्येच थांबला. मागच्या काही कामांत हाच घोटाळा झाला असणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. काम करायची परवानगी मिळाल्यावर तो पहिल्यांदा गॅरेजात गेलाच नाही. गावभर फिरून त्यानं आपल्या अलीकडच्या गाड्या पाहिल्या. एका बेकरीवाल्याच्या फिकट निळ्या व्हॅनचा दरवाजा त्याला खटकला. बेकरीवाल्याची काही तक्रार नव्हती, तो तर नको-नको म्हणत होता. तरी रंगराव दरवाजा उतरवून घेऊन आला. ठोकेनं तो त्याच्या हातातून घेतला, एका शब्दानं चिडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या गाडीसाठी मग पहिल्यापासून सुरुवात झाली. रंगरावानं जुना डोळा काळ्या कापडानं झाकला आणि नव्या डोळ्यानं बघत पांढऱ्यात निळा, निळ्यात काळ्याचा थेंब आणि शेवटी काडीच्या टोकावर बसेल इतका जांभळा घातला. आता तो प्रत्येक तुकडा ठोकेलाही दाखवायचा आणि ठोके जे दिसेल ते तोंडावर सांगायचा. असे किती तुकडे बाद झाले याची गणतीच नव्हती. पण एका ढगाळ दुपारी तुकडा झाकणाला लावला आणि मधली रेघ नाहीशी झाली. दारात नाहीशी, आत दिव्याखालीही नाहीशी.

गाडी रंगून, घासून, चकाकून उभी राहिली त्या दिवशी लेक आली. ती गाडीभोवती फिरली आणि जरा खट्टू झाली. छान आहे, म्हणाली, पण मला आठवतोय तो यापेक्षा फिका होता.

ठोकेनं चटकन रंगरावाकडे पाहिलं. रंगराव शांत होता.

"तुम्ही गाडी पाहायला लागलात तेव्हा तुमचं वय काय असेल? चार, पाच? तोवर तिनं बरंच ऊन खाल्लं होतं. तुमच्या आठवणीतला फिका मी देऊ शकतो, तोही बोनेटवर सापडला होता. हा आहे तो तुमच्या आईनं गाडी घरी आणली त्या दिवशीचा."

मग तिनं दरवाजा उघडला आणि आतल्या कडेवरून तळवा फिरवला. "म्हणजे हा मी पाहिलेलाच नाही," ती म्हणाली. "राहू दे. हाच राहू दे." आणि चालकाच्या जागेवर बसून तिनं आरसा आपल्या उंचीला लावून घेतला.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं दारात उभे होते. ठोकेला पुष्कळ काही बोलायचं होतं, बायकोला सांगायचा ते सगळंच. पण रंगराव आत वळला होता. स्प्रेगनमध्ये रंग सुकला तर तिचं तोंड बुजतं, म्हणून त्यानं ती थिनर ओतून धुवायला घेतली होती. ठोकेनं स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसला आणि डब्यांची झाकणं एकेक करून घट्ट बसवू लागला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. दवाखान्यात सोबतीला कोण येणार, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.