मुलुंडची खुर्ची

आमची मुलुंडची शाखा बंद झाली तेव्हा ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी माझ्याकडे पेढे मागितले. मला मात्र कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं.

कंपनी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासायची. पूर्वी प्रत्येक शाखेतून कॉम्प्युटरची एक लाइन अंधेरीच्या हेड ऑफिसला जायची, आणि ती बंद पडली की आम्ही चहा प्यायचो. मग सगळं क्लाउडवर नेलं. शाखा असो की कोणाचं घर, ज्याने त्याने इंटरनेटवरून थेट क्लाउडला जोडून घ्यायचं. मुलुंड, बोरिवली, सगळ्या शाखा झकास जोडल्या गेल्या. इतक्या झकास, की साहेबांना वाटलं, मग शाखा हव्यातच कशाला? नेटवर्कवाला माझ्या हातात लॅपटॉप देताना म्हणाला, "मॅडम, आता ऑफिस तुमच्या घरात." जणू लॉटरीच लागली. मेल्याला माझं घर ठाऊक नव्हतं.

घाटकोपरला आमचं वन रूम किचन. मुलुंडला खिडकीपाशी माझी खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत मी दिवसभर कोणाची सून नव्हते. आता इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, पाठीमागे टीव्हीवरची मालिका आणि सासूबाईंचं पालुपद: "घरीच आहेस ना, मग जरा कुकरकडे बघ." बघता बघता अख्खी बिल्डिंग तेच शिकली. वरच्या मजल्यावरचं पार्सल मी घ्यायचं, समोरच्यांची चावी मी सांभाळायची, कोणाचा सिलिंडर येणार असला की दार मी उघडायचं. नवरा सकाळी डबा घेऊन निघून जायचा. त्याला ऑफिस होतं.

साहेबांना म्हटलं, मला अंधेरीला बसवा, कुठल्याही कोपऱ्यात. "अहो, तुमचा प्रवास वाचवला आम्ही," ते म्हणाले. ज्यांच्या घरून कनेक्शन चालत नाही, त्यांनाच तिथे जागा मिळणार होती. मग मी ठरवलं, माझं चालणारच नाही. काम करता करता मीच कनेक्शन बंद करायचे आणि फोनवरून तक्रार करायचे, लाइन तुटली म्हणून.

एका सकाळी सगळ्यांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये नेटवर्कवाल्याने आपला स्क्रीन दाखवला. अंधेरीत बसून त्याला प्रत्येकाच्या घरची लाइन दिसते, हे मला तेव्हा कळलं. माझी ठणठणीत होती.

"मॅडम, लाइन तुटत नाहीये. तुम्हीच बंद करताय. का?"

कोणीतरी फिसकन हसलं. माझं टाळकंच सटकलं.

"हो, मीच बंद करते. खोटं बोलले. मला या घरात दिवसभर बसायचं नाही. मला माझी खुर्ची पाहिजे."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "आपण यावर नंतर बोलू."

मागे वळले तर सासूबाई उभ्या. हातात तांदळाचं ताट. निवडायला माझ्याकडेच आणलं होतं.

"एवढा जाच होतो गं आमचा तुला?"

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. माइक चालू होता. स्क्रीनवरची सगळी तोंडं माझ्याकडेच बघत होती. नाही म्हटलं असतं तर तांदूळ निवडायला घेतले असते, आणि मग रोजच घेतले असते.

"हो आई," मी म्हणाले. "होतो."