गोड्या पाण्याचा फोटो

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला आणि अमरावतीच्या मधली ही पूर्णेकाठची जमीन दिसायला काळीभोर, पण खालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागणार. त्यात डाळ शिजत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पोटात गेलं की किडन्या जातात. पाइपलाइन आली होती. तिच्यातून पाणी महिन्यातून दोनदा यायचं, तेही तिची मर्जी असली तर. गावाला खात्रीचं गोडं पाणी एकाच ठिकाणी, पावसानं भरणाऱ्या तळ्यात. म्हणून तळ्याची शिस्त कडक. पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, चपला काढायच्या, धुणं नाही, आंघोळ नाही, ढोरांना पाणी पाजायचं ते पलीकडच्या खड्ड्यात.

मी त्याच गावातल्या शाळेवर मास्तर. वडील थकलेले, नजर गेल्यासारखीच, घराबाहेर पडणं बंद. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की बोअरचं पाणी यांना घोटभरही देऊ नका. रोज सकाळी तळ्यावरून त्यांच्यापुरते दोन गुंड, म्हणजे घागरी, भरून आणणं माझं काम होतं.

त्या वर्षांत आमच्या भागातल्या गावांची नावं पेपरात यायची ती एकाच कारणानं. कोणत्या शेतकऱ्यानं जीव दिला, मागे किती लेकरं, एवढंच. बाहेरगावी ट्रेनिंगला गेलो आणि गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस चेहरा पाडून ‘अरेरे’ म्हणायचा. त्या अरेरेचा मला मनस्वी राग होता. आमच्याकडे चांगलं काही नाहीच का?

त्या साली पाऊस आधी धो धो पडला, तळं भरलं, आणि कपाशीला गरज होती तेव्हा गायब झाला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाणी आणायला गेलो, तर सगळं तळं कमळांनी भरलेलं. टिबुकल्या, पाण्यातली ती बारकी पाखरं, बुड्या मारत होत्या, पलीकडे वाळून कोळ झालेली शेतं. मी शेतं फ्रेमच्या बाहेर ठेवली, फोटो काढला आणि नेटवर टाकला. वर लिहिलं, ‘हेही वऱ्हाडच.’ मास्तराची खोड, पत्ताही नीट लिहिला: कुठल्या फाट्यावर वळायचं, कोणत्या देवळामागून जायचं. लोकेशनही जोडलं. संध्याकाळपर्यंत हजारभर लोकांना तो आवडला होता. मी इतका हुरळलो की दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडून बघत होतो.

पुढच्या रविवारी मोटरसायकली आल्या. मग अकोल्याच्या गाड्या, अमरावतीच्या गाड्या. मग लग्न ठरलेली जोडपी, सोबत कॅमेरेवाले, लांब झग्यांची बोचकी, रंगीत धुराच्या नळकांड्या. नवरदेव बुटांसकट पाण्यात. हातात धरायला कमळं हवीत म्हणून ती मुळासकट उपटायची, फोटो झाला की काठावर फेकायची. कोणी धुळीची गाडी धुतली, कोणी तेलाचे दिवे सोडले. सुरुवातीला गावातल्या लोकांनाही कौतुक होतं. पाहुणे आलेत म्हणून घरोघरून चहा गेला. मी स्वतः दोन जोडप्यांना उजेड कुठून चांगला येतो ते दाखवलं. हे मी कोणाला सांगत नाही.

संक्रांतीपर्यंत टिबुकल्या दिसेनाशा झाल्या. कमळं संपली, गाळ वर आला. पाण्यावर तेलाचा तवंग धरला आणि वास सुटला. गावात जुलाब सुरू झाले, तेव्हा तळ्याचं पाणी प्यायचं नाही असं ठरलं. लोक पुन्हा बोअरवर गेले. वडिलांसाठी मी तालुक्याहून पाण्याचे कॅन आणू लागलो. त्यांना मात्र ते तळ्याचंच वाटत होतं. मीही तसंच वाटू दिलं.

ग्रामसभेत सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले, “सर, हे तुमीच लावलं. आता तुमीच बोर्ड लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय.” मजकूर सभेनंच ठरवला: पाण्याला हात लावू नये.

मी रंग आणला, ब्रश आणला, पत्रा समोर ठेवला आणि हात चालेना. वडील लहान असताना आमच्या वस्तीतल्या बाया याच पाळीखाली गुंड घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर वरून ओतायचा. वडील एकदा तहानेनं काठापर्यंत गेले, तर वरून ओरड आली, “पाण्याले हात लावू नको!” धम्म घेतल्यावर काही वर्षांनी वस्ती एका सकाळी मिळून तळ्यात उतरली आणि ओंजळीनं पाणी प्याली. वडील तेव्हा तरणे होते. त्या पाण्याची चव ते अजून सांगतात.

शेवटी मी लिहिलं, ‘कृपया तळे स्वच्छ ठेवा.’ लोक त्या बोर्डाला टेकून फोटो काढू लागले.

माझं डोकं फिरलं. त्या रविवारी मी स्वतः पाळीवर जाऊन उभा राहिलो. दुपारी एक जोडपं आलं. साधी मोटरसायकल, पुढे बारकं निळं निशाण. भाड्याचे झगे नाहीत, कॅमेरेवाला नाही. पोरीनं चपला पाळीवर काढल्या, कोणी न सांगता, आणि काठाशी वाकली. महिनाभराचा साचलेला संताप त्या दोघांवर निघाला. मी ओरडलो, “पाण्याला हात लावू नका!”

पोरगी दचकून मागे सरली. पोरानं माझ्याकडे नीट बघून घेतलं.

“काहून? आमच्या हातानं बाटते का पाणी?”

मी तुमच्यातलाच आहे, एवढंही सुचलं नाही. तो सावकाश खाली उतरला, माझ्यावरची नजर न काढता ओंजळ भरली आणि प्याला. तोंड जरा वाकडं झालं, पण त्यानं ते गिळलं. मग पोरीला घेऊन निघून गेला.

संध्याकाळी राहवेना म्हणून वडिलांना सांगितलं. काय ओरडलो तेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

“मंग, पेला का त्यानं?”

“प्याला.”

“मंग झालं,” ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

मला हसता आलं नाही. त्या पोराला मी थांबवू शकलो असतो. पाणी नासलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, कोणी नासवलं?