शिवलीलाबाईंची जोडणी

दूध संघाच्या ऑफिसात मेनफ्रेम, म्हणजे खोलीएवढा कॉम्प्युटर, आला तेव्हा माणसं जत्रेला यावं तशी बघायला आली. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून काढलेला, पण थाट काय विचारू नका! एसीची खोली त्याला, आणि बाहेर घाम पुसत बसायला बाकीची माणसं. त्या खोलीत चप्पल काढून शिरायचं, हा नियम शिपाई पिराजीनं स्वतःच घालून दिला होता. चेअरमन बाळासोसुद्धा तो मुकाट पाळायचे. मशीन पुसणं, थंड ठेवणं, उंदीर हाकलणं, सगळं पिराजीच करायचा, आणि त्याला त्याचं कोण कौतुक!

मशीन चालवायच्या त्या शिवलीलाबाई. माहेर गडहिंग्लजचं, घरात कानडी, शाळा मराठी, सासर ऑफिसजवळच उचगावात. बोलणं मोजकं, पण चूक दिसली की जीभ मिरचीवानी. आणि इंग्रजी शब्दांचा भारी राग. सगळं ऑफिस ‘लिंक’ म्हणायचं तिथं ह्या हट्टानं ‘जोडणी’ म्हणायच्या. नव्या पोरांना समोर बसवून सांगायच्या, “हे बघा, मोठा प्रोग्राम एक आणि त्याच्या हाताखाली बारके. आपल्या मशिनवर जोडणी केली की बारका मोठ्याच्या पोटात जाऊन बसतो. पोळीत पुरण भरून लाटलं, मग पातेल्यातल्या पुरणात कितीही गूळ घाला, ती पोळी गोड होते व्हय? बारका बदलला की जोडणी परत. पोळी नव्यानं लाटायची.” पोरं हसून माना हलवायची. डोक्यात किती शिरायचं ते देव जाणे.

नव्व्याण्णव साल लागलं आणि दोन हजार सालाची बोंब उठली. मशिनला सालाचे शेवटचे दोनच आकडे ठाऊक, त्यामुळं पुढच्या वर्षी ते खुळ्यागत वागणार, असं पेपरात रोज यायला लागलं. संचालकांत सूर निघाला की हा पांढरा हत्ती भंगारात काढा आणि विभागातली माणसं चिलिंग सेंटरांवर वाटून टाका. बाईंच्या वाट्याला लांबचं चंदगड येणार होतं. चंदगडला नावं ठेवायची नाहीत, पण उचगावात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि नवरा रुद्रेश ट्रकवर, आज इथं तर उद्या तिथं. एसटीनं रोज जाऊन-येऊन त्यांना कोण उठवणार, कोण भरवणार? चंदगड म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, एवढं स्पष्ट होतं. अखेर बाळासोंनी तोड काढली. मशिनमध्ये दोन हजारची तारीख घालायची आणि संचालकांपुढं सेवानिवृत्तांची, म्हणजे अठ्ठावन्न भरलेल्यांची, यादी काढून दाखवायची. यादी बरोबर निघाली तर मशीन राहील, माणसंही राहतील.

बाईंनी जिवाचं रान केलं. माणसाचं वय काढणारा बारका प्रोग्राम दुरुस्त केला, सुटा चालवून बघितला, उत्तरं चोख आली. आता तेवढी जोडणी करायची, तर लाईट गेली. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजला धाकट्या बहिणीच्या अक्षता, आणि यादी दाखवायची त्याच्या दुसऱ्याच दिवशी. थोरलीनं न जाऊन कसं चालेल? शेवटी मांडवातून उठून त्यांनी एसटीडी बूथवरून सम्राटला फोन लावला. सम्राट विभागातला नवा गडी, संचालक गणपतरावांचा सख्खा भाचा. मनानं निर्मळ, कामाला हुशार, पण राजकारण आईच्या दुधातून प्यालेला.

“सम्राट, माझ्याकडचं झालंय. आजच्या आज तेवढी जोडणी लाव. ती लागली की सगळं बसतंय. विसरू नको रे बाबा!”

“अक्का, तुम्ही निवांत अक्षता टाका. जोडणी लागली म्हणून समजा!”

आता कोल्हापुरात जोडणी लावणं म्हणजे काय, हे शेंबडं पोरगंही सांगेल. कुणाच्या कानाला लागायचं, कुणाला कुणाच्या गाडीत घालायचं, कुणाचा रुसवा कुणी काढायचा, ही जोडणी! सम्राटनं मशिनच्या खोलीला कुलूप घातलं आणि मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सगळे संचालक चपला काढून खोलीत दाटीनं उभे राहिले. बाईंनी हात जोडले आणि यादी सोडली. प्रिंटर करकरला. गणपतरावांनी कागद फाडून मोठ्यानं वाचला, “शिवलीला, वय बासष्ट, सेवानिवृत्त. सम्राट, वय चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त. आरं तिच्यायला!”

खोलीत हशा पिकला. बाईंनी कागद हातात घेऊन बघितला. मशिननं शून्यातून जन्मसाल वजा केलं होतं आणि उण्याची खूण गाळली होती. बासष्टला जन्मलेली बासष्ट वर्षांची! हा जुनाच प्रोग्राम बोलत होता. दाराशी पिराजी मात्र हरखला. यादीत त्याचं नाव नव्हतं. बेचाळीस सालचा तो, मशिननं त्याला बेचाळीस वर्षांचा केला होता. “अजून लई वर्षं हाय की माझी हितं!” म्हणाला.

बाईंनी सम्राटला कोपऱ्यात घेतलं. “जोडणी लावलीस न्हवं?”

“लावली की! मामांना धरलं, मामांनी एकेकाला गाठलं. झाडून सगळे आपल्या बाजूनं हायत, अक्का.”

“मुडदा बशिवला तुझा! लिंक म्हणत होते रे मी, लिंक!” जन्मात पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला. मग त्या बाळासोंकडं वळल्या. “साहेब, थोडं थांबा. चूक कळली. आत्ता बरोबर काढून दाखवते.”

“असू दे वो बाई,” बाळासो चप्पल शोधत म्हणाले. “मशीन ऱ्हाणार, तुम्हीबी ऱ्हाणार. ते रात्रीच ठरलंय. चला मंडळी, जेवणं निवत्यात.”

खोली रिकामी झाली. चंदगड टळलं होतं, सासूबाईंची काळजी मिटली होती. बाईंना आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याहून जास्त संताप आला. यादी बरोबर आली काय, चुकली काय, कुणाला फरकच पडत नव्हता! त्या तशाच तिडकीनं खुर्चीत बसल्या, जोडणी केली आणि यादी पुन्हा सोडली.

बघायला उरला होता एकटा पिराजी. कागद बाहेर आला तसा त्यानं तो अलगद उचलला आणि बोट लावून वाचला.

“पैलं नाव माझंच हाय. अठ्ठावन्न.”

“व्हय, पिराजी,” बाई म्हणाल्या.

“मग आता बराबर चाललंय.” त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं मशीन एकदा पुसलं. “बाई, ह्यो कागद सायबांस्नी द्यायचा काय?”

द्यायचा नाही, असं म्हणायला कुणाची हरकत नव्हती. तो कागद कुणी मागितलाच नव्हता. बाईंचे डोळे भरून आले.

“द्यायचा,” त्या म्हणाल्या.

पिराजीनं टोपी नीट केली आणि आपल्या निवृत्तीचा कागद आपणच घेऊन जिना उतरला.