बंगल्यातली घरगुती सोय

आमच्या काशीराम तात्यांना कधी कुठली गोष्ट झटकन ठरवता आली नाही. महाडच्या कोर्टात कारकून. जन्म गेला दुसऱ्यांच्या दाव्यांना तारखा लावण्यात, तेव्हा घरातल्या प्रश्नांनाही ते तारखाच द्यायचे. माझे सख्खे चुलते, म्हणून बोलते. परक्याला बोलले नसते.

एशियाड झालं त्या सालची थंडी. राहीकाकीनं, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडं काही मागितलं. म्हणाली, "मला दोन दिस म्हाबळेश्वरला न्या. हाटेलात ऱ्हायचं. कुनीतरी ताट वाढून माज्यापुढं ठेवायचं, आन् मी बसून जेवायचं. बाकी काय नको मला."

आता ह्यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा. काकीचं घर म्हणजे फुकटची खानावळ होती. पोलादपूर तालुक्यातल्या ज्या नातेवाइकाची कोर्टात तारीख, तो सकाळच्या एसटीनं महाडला उतरायचा, दारातून "जयभीम, वयनी" म्हणायचा आणि पाटावर बसायचा. जमिनीचे दावे कधी लवकर संपतात का? ते चालले वर्षानुवर्षं, आणि तितकी वर्षं काकी भाकऱ्या थापत राहिली. तिचं माहेर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. पोरपणापासून वर जाणाऱ्या मोटारी बघत आली होती, पण वर मुक्कामाला म्हणून ती कधी गेली नव्हती.

तात्या म्हणाले, जाऊ. आणि चौकशीला लागले. बार रूममधल्या वकिलांना विचारलं, डेपोतल्या कंट्रोलरला विचारलं, एकदा महाबळेश्वरला जाऊन आलेल्या शिंप्याला तर तीनतीनदा विचारलं. घरी येऊन हॉटेलाविरुद्ध एकेक मुद्दा मांडायचे. हॉटेलातल्या गादीवर आधी कोण झोपलं असेल काय सांगावं. कुलूप त्यांचं, म्हणजे दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच. शिवाय तो वेटर जेवताना नुसता डोक्यावर उभा राहतो, घास कसा उतरणार? मी म्हटलं, तात्या, तुम्ही कुठल्या हॉटेलात राहिलात कधी? तर म्हणाले, राहायला कशाला पाहिजे, माहिती असते. काकी आत तांदूळ निवडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. दावा तिचा, पण साक्षीला तिलाच बोलावणं नाही.

शेवटी निकाल लागला तो धोंडूमुळे. हा धोंडू काकीच्याच माहेरच्या बाजूचा. महाबळेश्वरला कुणा मुंबईच्या शेठच्या बंगल्यावर माळी होता. शेठ येणार वर्षातून एकदा. उरलेले दिवस धोंडू मागच्या दोन खोल्या ओळखीच्या माणसांना राहायला द्यायचा, शेठच्या अपरोक्ष. कोर्टात तारखेला आला होता, तेव्हा त्यानं तात्यांच्या कानात सांगितलं, की सायेब, हाटेलात कशाला पैसं घालवताय, सैपाकघरासकट बंगला हाय.

तात्या इतके खूश झाले की संध्याकाळी येताना खारी बिस्किटं घेऊन आले. बंगला! आपलं आपण करून खायचं, कुणाची मिजास नाही. "एकदम घरच्यासारखं," असं ते दहा वेळा म्हणाले. घर कुणाला कसं वाटतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. काकी "बरं" म्हणाली आणि वातीचा स्टो पुसायला घेतला. मला इतका राग आला, पण बोलणार कोण? मलाही त्यांनी बरोबर घेतलं होतं, काकीच्या मदतीला.

एसटीनं घाट चढलो तेव्हा आमच्याबरोबर स्टो होता, रॉकेलचा डबा होता, तवा, परात, तांदूळ, मसाला आणि सुक्या बोंबलांची पिशवी होती. बोंबलांच्या वासानं शेजारच्या बाईनं नाकाला जो पदर लावला, तो महाबळेश्वरला पोचल्यावरच काढला. तात्या मात्र खिडकीतून दऱ्या बघत होते, अगदी शेठसारखे.

पहिल्या दिवशी काकीनं सैपाकघर झाडलं, चहा केला, दोन्ही वेळचं जेवण केलं. बंगल्याच्या पुढच्या बाजूला फुलं होती म्हणतात, आम्ही पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात श्रीपतमामा, काकीचा भाऊ. मागं त्याचं अख्खं बिऱ्हाड, त्याच्या मागं बिऱ्हाडाचे व्याही. धोंडूनं वाडीवर सांगितलं होतं, की राहीबाईच्या मालकानं वर बंगला घेतलाय. आमच्याकडं असं आहे, हॉटेलात उतरलेल्या माणसाकडं कुणी पाहुणा जात नाही, पण घर म्हटलं की ते घर. तिथं बहिणीला न भेटता कसं राहायचं? आणि आलेल्याला न जेवू घालता कसं पाठवायचं? मंडळी रिकाम्या हातानं आली नव्हती हो. बहिणीला भेट म्हणून कोंबडी आणली होती, जिवंत.

तात्या पुढं होऊन म्हणाले, "या या, आपलंच घर आहे."

कोंबडी ओरडत होती. काकी तिच्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं आता रडते. ती आत गेली, जयंतीला नेसते ते पांढरं लुगडं नेसून बाहेर आली, कोंबडी भावाच्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "मसाला फळीवर हाय. तुमी करा, तुमी जेवा. मी हाटेलात चाल्ले."

तात्या चपला शोधत मागून धावले, त्यांच्या मागून मी. बाजारपेठेत एक बऱ्यापैकी हॉटेल होतं. तात्या बाहेर थांबून "इथं गर्दी आहे, पुढचं बघू" म्हणत होते, तोवर काकी आत जाऊन मधल्या टेबलाशी बसलीसुद्धा. मोठ्या मिशांचा एक वेटर आला. काकीनं राईसप्लेट सांगितली. त्यानं पाण्याचा ग्लास ठेवला, मग ताट ठेवलं. काकी एकेक घास चावून सावकाश जेवली. आमटी अळणी होती, मी चाखली. तिला विचारलं तर म्हणाली, ब्येस हाय.

तात्यांना भूक नव्हती. त्यांनी चहा घेतला, तोही खुर्चीच्या कडेवर बसून. चहा संपला तसे ते उठले, कपबशी हातात घेतली आणि इकडंतिकडं नळ शोधायला लागले.

मी बघतच राहिले. कोर्टात भल्याभल्यांपुढं ताठ मानेनं बोलणारा माणूस. मग एकदम लक्षात आलं. तात्यांच्या लहानपणी बाजारातल्या हॉटेलात आमच्या माणसांना चहा बाहेरच मिळायचा. पिऊन झाला की आपला कप आपण विसळायचा आणि फळीवर पालथा घालायचा. बाबा सांगायचे. तात्यांनी कधीच सांगितलं नाही. ते गादीबद्दल बोलायचे, कुलपाबद्दल बोलायचे.

काकीनं त्यांचं मनगट धरलं. तिनं ते सगळं माझ्या आधीच ओळखलेलं होतं, कोण जाणे किती वर्षांपासून. हळूच म्हणाली, "ठेवा तो कप. उचलनारा येतोय."

तात्यांनी कप ठेवला. खाली बसले. मिशीवाला वेटर आला, त्यानं काकीचं ताट उचललं, तात्यांची कपबशी उचलली, टेबलावर फडकं मारलं आणि कुणाकडं न बघता आत गेला. तात्या तो आत दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं बघत होते. मग खुर्चीत मागं सरकून नीट टेकून बसले आणि मला म्हणाले, "अजून एक चहा सांग गो."